सारखं, तसंच आणि तेच

परवा दुपारी तोफखान्याचं फायरिंग चालू होतं. देवळाली कॅम्पात राहणाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. खिडकीच्या काचा थरथरल्या की आम्ही चहाचा कप टेबलावर जरा आत सरकवतो आणि काम चालू ठेवतो. (मी घरूनच काम करतो हे समस्त नातेवाईकांना माहीत आहेच. "घरीच असतोस ना, मग जरा माझं रिझर्वेशन करून दे," असे फोन येतात ते त्यामुळेच.) तर अशाच थरथरत्या दुपारी एका तरुण सहकाऱ्याशी कॉलवर बोलणं चाललं होतं. तो म्हणाला, "दादा, ती टेस्ट कधी लाल होते, कधी हिरवी. कोडमध्ये तर काहीच बदललेलं नाही. मी काय करतो, दोन्ही याद्या नावानुसार सॉर्ट करून मग कंपेअर करतो. म्हणजे कायमची हिरवी."

मी त्याच्यावर ओरडलो. इतक्या जोरात, की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. नंतर त्याची माफी मागितली. पण ओरडण्यामागचं कारण कॉलवर नीट सांगता आलं नाही, म्हणून ही पोस्ट. ब्लॉगवाल्या मित्रांपैकी निम्मे याच धंद्यातले आहेत, त्यांना चालेल. नातेवाईकांनी घाबरू नये, सांगतो सगळं.

युनिट टेस्ट म्हणजे काय, तर प्रोग्रॅमच्या एका छोट्या तुकड्याला ठरावीक माहिती द्यायची, तो काय उत्तर देतो ते बघायचं आणि आपण आधीच लिहून ठेवलेल्या उत्तराशी ताडायचं. जुळलं तर हिरवं, नाही तर लाल. उत्तर एक आकडा असेल तर प्रश्नच नाही. १२ म्हणजे १२. भानगड सुरू होते उत्तर म्हणून यादी आली की. दोन याद्या सारख्या आहेत हे कसं ठरवायचं?

"त्यात काय ठरवायचं?" असं वाटेल. मलाही वाटायचं. पण मराठीत हा 'सारखं' शब्दच मोठा बिलंदर आहे. "सारखं काय सारखं सारखं विचारतोस?" या एका वाक्यात तो दोन वेगळ्या अर्थांनी येतो. याद्यांच्या बाबतीत तर त्याचे चार तरी अर्थ होतात.

पहिला प्रश्न क्रमाचा. गाडीचे डबे ज्या क्रमाने लागतात त्याची यादी उलटसुलट करून चालणार नाही, प्लॅटफॉर्मवर बॅगा घेऊन धावणाऱ्याला विचारा. वाणसामानाची यादी मात्र कशीही चालते, साखर आधी आली काय नि तूरडाळ आधी आली काय. दुसरा प्रश्न, एकच गोष्ट किती वेळा आली याचा. नववीच्या गणितात शिकवतात तो संच आठवा: घटकांचा क्रम महत्त्वाचा नाही आणि तोच घटक पुन्हा लिहायचा नाही. लग्नाला कोणकोणत्या गावांहून पाहुणे आले याची यादी करायची तर संच ठीक. पण पानं किती मांडायची हे त्या संचावरून ठरवलंत तर नगरहून आलेल्या अकरा जणांत एक पान मांडलं जाईल.

तिसरा प्रश्न, यादीतल्या दोन नोंदी 'सारख्या' कधी म्हणायच्या? जावामध्ये पैशांच्या हिशोबासाठी बिगडेसिमल वापरतात. त्याच्या लेखी २.० आणि २.०० या सारख्या नाहीत! किंमत तीच, पण दशांश स्थळं वेगळी, म्हणून इक्वल्स नाही म्हणतो. आणि चौथा प्रश्न, तसंच हवं की तेच हवं? आईला लाँड्रीतून चादर परत येताना आपलीच चादर हवी असते, तसलीच दुसरी नको. म्हणून तर कपड्यांवर खुणा करायची पद्धत पडली. जावातला साधा अ‍ॅरे असाच आहे, आईसारखा. आत तेच आकडे त्याच क्रमाने असले तरी दुसरा अ‍ॅरे आपल्यासारखा आहे असं तो मानतच नाही, 'तोच' असला तरच मानतो. नवख्या पोरांची पहिली लाल टेस्ट पुष्कळदा याच्यामुळे होते.

आता या चार प्रश्नांची उत्तरं कोण देणार? माझं भांडण इथे आहे. आमच्या धंद्यात ही उत्तरं बहुतेक वेळा कोणीच देत नाही. जी पद्धत हाताशी येईल ती वापरायची, टेस्ट हिरवी झाली की पुढे जायचं. आणि हे मी वरून उपदेश म्हणून सांगत नाही. मी स्वतः हेच केलेलं आहे, आणि त्याचे पैसे माझ्या खिशातून नव्हे, दुसऱ्याच्या खिशातून गेले.

गोष्ट २००९ ची. मी तेव्हा पुण्यात होतो, कंपनीचं नाव सांगत नाही. एका दूध संस्थेचं काम आलं होतं, तिचंही नाव सांगत नाही. गावोगावच्या संकलन केंद्रांवरून रोजच्या पावत्यांची फाइल येई आणि दर दहा दिवसांनी त्यावरून दुधाचा पगार निघे. लाइन मधेच तुटली की केंद्रावरचा माणूस तीच फाइल पुन्हा पाठवायचा, मग काही जणांना दुप्पट पैसे जायचे. आम्हाला सांगितलं, दुबार नोंदी काढून टाका. काम माझ्याकडे आलं.

मी काय केलं, तर दोन पावत्या सारख्या कधी हे ठरवलं: सभासद क्रमांक तोच, तारीख तीच, लिटर तेवढेच, फॅट तेवढंच. पावतीचा नंबर घेतला नाही, कारण तो सकाळी एकपासून सुरू होई आणि संध्याकाळी पुन्हा एकपासून. सकाळ की संध्याकाळ हा रकाना जुन्या यंत्रांच्या फाइलीत नव्हताच, म्हणून तोही सोडला. मग सगळ्या पावत्या एका हॅशसेटमध्ये ओतल्या. सेटमध्ये सारखी नोंद दुसऱ्यांदा शिरत नाही. दुबार गेल्या. दोन ओळींत काम!

टेस्टही लिहिली हो. अगदी शिस्तीत. दुबार फाइल आलेली नव्हती अशा एका पगाराची जुन्या प्रोग्रॅमची यादी घेतली, त्याच पावत्या नव्या प्रोग्रॅमला दिल्या, आणि दोन्ही याद्या सारख्या आहेत का ते तपासलं. पहिल्यांदा लाल आली, कारण सेटमधून बाहेर पडलेल्या नोंदींचा क्रम वेगळा होता. मला वाटलं, क्रमाचं काय घेऊन बसायचं, बिलात कुणाची नोंद आधी आली याला महत्त्व नाही. हे बरोबरच होतं. पण क्रम विसरायचा म्हणून मी काय केलं, तर दोन्ही याद्या हॅशसेटमध्ये टाकून ताडल्या. टेस्ट हिरवी. घरी गेलो.

धंद्यातल्या मित्रांनी डोक्यावर हात मारून घेतला असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. क्रम विसरता विसरता मी मोजणीही विसरलो होतो. जुन्या यादीत जी नोंद दोनदा होती ती टेस्टनेही एकदाच धरली. प्रोग्रॅमने केलेली चूक टेस्टनेही केली, आणि दोघांनी एकमेकांना बरोबरचे गुण दिले.

आता बघा, यात मेलं कोण? ज्याच्या गोठ्यात दहा म्हशी आहेत त्याचं दूध सकाळी ४७.५ लिटर, संध्याकाळी ४१. दोन आकडे कधी जुळायचेच नाहीत, त्याचा पगार बिनचूक. ज्या बाईकडे एकच गाय, तिचं सकाळी ३ लिटर आणि संध्याकाळी ३ लिटर. त्या केंद्रावर फॅट रोज मोजत नसत, दहा दिवसांचं सरासरी धरत, त्यामुळे तेही सारखंच. माझ्या हॅशसेटने तिची संध्याकाळ दुबार म्हणून काढून टाकली. ज्याच्याकडे जितकं कमी, त्याचे आकडे जुळण्याची शक्यता तितकी जास्त. मी गरिबाला शोधून शोधून कापणारं यंत्र बनवलं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

हे तिसऱ्या पगाराला उघडकीस आलं. एक बाई वही घेऊन केंद्रावर आली. तिला हिशोब येत नव्हता अशातला भाग नाही, उलट तिचाच हिशोब पक्का होता. वहीत तारखेपुढे दोन रेघा, सकाळची एक, संध्याकाळची एक. ती म्हणाली, "मी दहा दिवसांत वीस वेळा दूध घातलं. तुमच्या कागदावर सोळाच कसे?" केंद्रावरच्या माणसाने आधी तिलाच वेड्यात काढलं, कारण कागद कॉम्प्युटरवरून आला होता. तिच्यासारखे आणखी बरेच निघाले. पैसे पुढच्या पगारात मिळाले, पण मधले महिनाभर तिने काय केलं असेल, पेंड कशी आणली असेल, हे मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ते न विचारणं अजून टोचतं.

टेस्टमध्ये मी फक्त एवढं म्हटलं असतं की क्रम कसाही चालेल पण प्रत्येक नोंद तितक्याच वेळा आली पाहिजे, तर ती पहिल्याच दिवशी लाल झाली असती. गणितात याला बहुसंच म्हणतात. त्या बाईची वही बहुसंच होती. माझी टेस्ट नव्हती.

असो. आता मामांकडे येतो. आमचे मामा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेत. 'प्रेस' म्हणजे वर्तमानपत्र नव्हे हे नाशिककरांना सांगायला नको. इथून लॅम रोडने विहितगाववरून गेलं की बिटको येतं, त्या परिसरात १९२५ ची सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ ची करन्सी नोट प्रेस. आमच्या लहानपणी इकडे 'मुलगा प्रेसमध्ये आहे' म्हटलं की स्थळ बघणारे पुढचं काही विचारत नसत. कॉलवर ओरडलो त्याच संध्याकाळी मामांकडे जेलरोडला गेलो होतो. सगळं ऐकून घेतल्यावर ते शांतपणे म्हणाले, "अरे, हा प्रश्न रिझर्व्ह बँकेने कधीच सोडवलाय. स्टारची नोट बघितली नाहीस का?"

झालं असं की ऑगस्ट २००६ पर्यंत नव्या नोटांच्या पॅकेटमध्ये शंभर नोटा ओळीने सलग क्रमांकाच्या असत. छपाईत एखादी नोट खराब निघाली तर ती काढून तिच्या जागी त्याच क्रमांकाची दुसरी चांगली नोट घालावी लागे. एका खराब नोटेसाठी किती उपद्व्याप! मग स्टार मालिका आली, सुरुवातीला १०, २० आणि ५० च्या नोटांत, आणि २०१६ मध्ये नव्या ५०० च्या नोटांतही. खराब नोटेच्या जागी वेगळ्या क्रमांकाची नोट घालायची, आणि तिच्या क्रमांकात अक्षरं आणि आकडे यांच्यामध्ये एक चांदणी छापायची. अशा पॅकेटमधले क्रमांक सलग नसतात. पण नोटा शंभरच असतात. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: त्या पॅकेटच्या पट्टीवर तसं लिहिलेलं असतं, की यात स्टारच्या नोटा आहेत.

मला तिथल्या तिथे उठून नाचावंसं वाटलं. 'सारखं' कसं ठरवावं याचा इतका स्वच्छ नमुना मी कुठल्याही पुस्तकात वाचलेला नाही. पॅकेट कधी बरोबर म्हणायचं, याची व्याख्या त्यांनी बदलली. क्रमाचा आग्रह महाग पडत होता, तो सोडला. मोजणीचा आग्रह सोडला नाही, शंभर म्हणजे शंभर. आणि काय सोडलं ते गुपचूप सोडलं नाही, पट्टीवर लिहिलं. तरीसुद्धा २०२३ मध्ये सोशल मीडियावर 'स्टारची नोट खोटी असते' अशी बोंब उठली आणि त्या जुलैत रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला की बाबांनो, नोट खरीच आहे. पट्टीवर लिहूनही लोकांचा गैरसमज होतो, तर न लिहिता काय होत असेल?

आमच्या धंद्यात पट्टी कोरी असते. त्यात हत्यारांची नावंही घोळात घालणारी. डॉटनेटवाल्यांच्या एनयुनिटमध्ये 'आर इक्वल' आणि 'आर इक्विव्हॅलंट' अशा दोन पद्धती आहेत. पहिलीत क्रम पाळावा लागतो, दुसरीत क्रम सोडलाय पण मोजणी पाळावी लागते. कितीजणांना हा फरक न बघता सांगता येईल? पायथनमध्ये तर कहर. क्रम सोडून पण मोजणी धरून ताडणाऱ्या पद्धतीचं नाव आधी 'असर्ट आयटम्स इक्वल' होतं, पायथन ३.२ पासून ते 'असर्ट काउंट इक्वल' झालं. नावावरून वाटतं की नुसती संख्या मोजते, पण ती घटकही ताडते. आणि जावावाल्यांचं लाडकं 'कन्टेन्स ऑल'? या यादीतलं सगळं त्या यादीत आहे का, एवढंच ते सांगतं. त्या यादीत शंभर गोष्टी जास्तीच्या असल्या तरी हो म्हणतं. उलटसुलट दोन्ही बाजूंनी विचारलंत तरी मोजणी हरवतेच, म्हणजे माझ्या हॅशसेटचीच गत. आणि हल्ली तर टेस्ट लिहायला यंत्रालाच सांगतात. यंत्र झक्क टेस्ट लिहून देतं, हिरवीही होते. पण संध्याकाळचं दूध वेगळं मोजायचं असतं हे त्याला कोणी सांगायचं?

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. "आम्ही म्हणतोच, सगळं कडक ताडा, क्रमासकट!" म्हणणारे मला तितकेच घातक वाटतात. जिथे क्रमाचं वचन कुणी दिलेलंच नाही तिथे क्रम मागितलात तर टेस्ट विनाकारण लाल होते. जावाच्या हॅशमॅपने क्रमाची हमी कधीच दिली नव्हती, तरी लोक त्यावर विसंबले, आणि जावा ८ मध्ये आतली रचना बदलल्यावर अनेकांच्या टेस्ट धडाधड पडल्या. म्हणून तर गो भाषेने २०१२ मध्ये पहिल्याच आवृत्तीपासून मॅपचा क्रम मुद्दाम बेभरवशाचा ठेवला, की कुणी विसंबूच नये. विनाकारण लाल होणाऱ्या टेस्टचा खरा तोटा वेगळाच आहे. लोक लाल रंगाकडे बघायचं सोडून देतात. आमच्या गावाच्या नावावरून इंग्रजीत 'डूलाली' हा शब्द गेला, म्हणजे डोकं फिरलेला. गोरे सोल्जर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत इथल्या छावणीत पडून राहायचे, त्यातून तो आला. कधी लाल कधी हिरवी होणाऱ्या टेस्टसमोर आठवडाभर बसवा, कोणीही डूलाली होईल.

आणि "वेळ नसतो" हे उत्तर तर मला कोणी देऊच नका. चार प्रश्न विचारायला चार मिनिटं लागतात. वेळ नसतो असं नाही, विचारायची लाज वाटते. 'याद्या सारख्या म्हणजे काय' असा बाळबोध प्रश्न मीटिंगमध्ये विचारला तर सिनियर लोक काय म्हणतील? मी सिनियर आहे. विचारा.

आता पुन्हा त्या तरुण सहकाऱ्याच्या टेस्टकडे. त्याची यादी कसली होती माहिती आहे? एका वसतिगृहाच्या प्रवेशाची प्रतीक्षा यादी. गुणांप्रमाणे लावलेली. कधी लाल कधी हिरवी का होत होती, तर दोन मुलींना अगदी सारखे गुण होते, आणि गुण सारखे असतील तर कोण आधी, हे डेटाबेसला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं नाही तर डेटाबेस क्रमाची हमी देत नाही, तो कधी हिला वर ठेवायचा, कधी तिला. म्हणजे टेस्ट बिचारी खरंच सांगत होती. ओरडून सांगत होती, की एक जागा सुटली तर ती कुणाला मिळेल हे इथे नशिबावर सोडलंय. आणि आम्ही तिचं तोंड बंद करायला निघालो होतो. नावानुसार सॉर्ट केलं असतं तर त्या यादीचा जीव जो क्रम, तोच टेस्टमधून गेला असता. सगळी यादी उलटी लागली असती तरी टेस्ट हिरवीच.

सॉर्ट करून ताडणं पाप नाही. दुधाच्या पावत्या मी सॉर्ट करून ताडल्या असत्या तर वाचलो असतो. पाप आहे ते न विचारता सॉर्ट करणं. हॅशसेट चांगला की लिस्ट चांगली, हा प्रश्नच चुकीचा. यादी कुणाची आहे आणि तिला काय वचन दिलंय, हा प्रश्न. दूध घालणाऱ्या बाईला क्रमाशी कर्तव्य नव्हतं, तिला मोजणी हवी होती. प्रतीक्षा यादीतल्या मुलीला क्रमच हवा आहे. एकाच्या यादीचा नियम दुसऱ्याच्या यादीला लावलात तर दोघीही बुडतात.

आम्ही वसतिगृहवाल्यांना फोन केला. त्यांनी यावर विचारच केलेला नव्हता. पलीकडे जरा वेळ शांतता, मग आपसात कुजबूज, आणि मग ठरलं की गुण सारखे असतील तर ज्या मुलीचा अर्ज आधी आला ती वर. सहकाऱ्याने कोडमध्ये अर्जाची वेळ घातली, टेस्टमध्ये क्रमासकट ताडलं, आणि टेस्टच्या नावातच लिहिलं: 'समान गुण असल्यास आधीचा अर्ज वर'. मी त्याला म्हटलं, झाली तुझी पट्टी लिहून. त्याला काही कळलं नाही, म्हणून मामांची गोष्ट सांगितली. मग तो म्हणाला, "दादा, हे आधी सांगायचं ना, ओरडायच्या ऐवजी."

बरोबर आहे त्याचं.

त्या बाईचं नाव मला कधी कळलं नाही, सभासद क्रमांक मात्र पाठ आहे. त्यानंतर मी जिथे जिथे दोन याद्या ताडतो तिथे एक तपासणी हमखास घालतो: एकाच माणसाच्या, एकाच दिवसाच्या, अगदी तंतोतंत सारख्या दोन नोंदी. दोन गेल्या तर दोनच बाहेर आल्या पाहिजेत. एक सकाळची रेघ, एक संध्याकाळची.